शमीमआपा आणि सुईची भीती

शमीमआपांकडे मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी त्यांनी मला सुई लावलीच नाही. नुसतं सगळं सांगितलं, आणि ते ऐकून मी चपला पायात सरकवून घरी पळून आले.

तेव्हा मी मुरूडच्या शाळेत शिकवत होते. माझा उजवा खांदा आखडला होता. फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नव्हत्या, वेणी घालता येत नव्हती, एसटीत वरचा दांडा धरायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. अलिबागच्या हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले आणि "हे दुखणं रेंगाळतं, धीर धरा," म्हणून सांगितलं. धीर धरून धरून मी रडकुंडीला आले. मग आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मॅडम म्हणाल्या, "एकदा आमच्या आपांकडे जाऊन या. ॲक्युपंक्चर करतात. पण उगाच थापा मारणारी बाई नाही."

सुई मला नुसती बघवतही नाही. लहानपणी आमच्या गावात लस टोचायला नर्स आली की मी खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीमागे लपून बसायचे. मोठी झाले, मुलं झाली, तरी ती भीती काही गेली नाही. तरीही गेले, कारण खांदा मला झोपू देत नव्हता.

आपांचं घर कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नारळाच्या वाडीत होतं. पुढची खोली दवाखान्याची. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. आपा उंच, सडपातळ, पन्नाशीच्या पुढच्या. डोक्यावर सुती ओढणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि पायात मुलं घालतात तसे खेळाचे बूट. त्या टेबलामागे बसत नसत. खुर्ची ओढून पेशंटच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसत.

"काय दुखतंय ते नंतर," त्या म्हणाल्या. "सुईची भीती वाटते?"

"थोडी."

"हात बघा तुमचे."

मी पर्सचा बंद बोटांना इतका आवळून गुंडाळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"घाबरलात ते बरं झालं," आपा म्हणाल्या. "घाबरलेलं माणूस नीट ऐकतं. आधी वाईट ऐका, मग चांगलं सांगते."

आणि त्यांनी सुरुवात केली. सुई केसासारखी बारीक असते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल, मग आत जड वाटेल, ठणकेल. तेवढं चालतं. पण विजेसारखी कळ गेली तर तोंड दाबून सहन करायचं नाही, लगेच सांगायचं. काढताना कधी रक्ताचा थेंब येतो, कधी निळा डाग पडतो. कुणाला चक्कर येते, कुणाचं दुखणं पहिल्या दिवशी उलट वाढतं. इथपर्यंत मी मान हलवत होते. मग त्यांनी आपला हात स्वतःच्याच खांद्यावर, मानेजवळच्या उंचवट्यावर ठेवला.

"इथे खाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई खोल गेली तर त्याला भोक पडू शकतं. फार क्वचित होतं. पण होतं. माझ्या हातून एकदा झालंय."

समोरची बाई हे सगळं शांतपणे, बाजारभाव सांगावा तसं सांगत होती.

"मी... मी विचार करून येते," मी म्हणाले.

"या. विचार केलेला चांगला."

त्यांनी दारापर्यंत येऊन फाटक उघडून दिलं. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी येऊन दार लावलं, तेव्हा कुठे माझा श्वास जागेवर आला.

परत गेले ती पंधरवड्याने. एक तर पोलक्याची बटणं लावायला मला शेजारणीला हाक मारावी लागत होती. माझे यजमान अलिबागला नोकरीला, शनिवारीच घरी यायचे. त्या शेजारणीसमोर रोज पाठ करून उभं राहायची मला लाज वाटायला लागली. आणि दुसरं म्हणजे, त्यांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. कोणती बाई आपल्याच तोंडाने असं सांगते? जी एवढं सांगते ती निदान लपवणार तरी नाही.

आपांना मी आल्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या लगेच विचारपूस करू लागल्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? साखर आहे का? फिट येते का? छातीत पेसमेकर? दिवस गेले असण्याची काही शक्यता? मी हसले तर म्हणाल्या, "हसू नका. उत्तर द्या." मग म्हणाल्या, "अलिबागच्या डॉक्टरांच्या गोळ्या माझ्यामुळे बंद करायच्या नाहीत. सुयांनी दुखणं कमी होईल, झोप लागेल, मग व्यायाम जमेल. खांदा सुटायचा तो व्यायामाने सुटेल. आणि काही वेळा येऊनही फरक पडला नाही, तर मीच सांगेन, म्हात्रेबाई, आता येऊ नका."

सुयांचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. "सील बघा. फाटलेलं नाही ना? कुठेही गेलात तरी आधी हे बघायचं. वापरलेली सुई पुन्हा लावणाऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही." मग हात धुतले आणि तळवे एकमेकांवर घासून गरम केले. गार हात लावला की घाबरलेलं माणूस आणखी आकसतं, म्हणून त्या बारा महिने असे हात चोळायच्या.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. डोळे घट्ट मिटले. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. मी सोडला. "एक," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता टोचणार. ती लावून झाली होती.

प्रत्येक सुई आत जाताना आणि बाहेर येताना त्या मोठ्याने मोजत. हातात टेबलावरची घंटी देत, आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायची तशी, वर टिचकी मारली की वाजणारी. "हलायचं नाही. काहीही वाटलं तर वाजवा. उगाच वाटलं तरी वाजवा." पहिल्या दिवशी मी ती उगाचच दोनदा वाजवली. दोन्ही वेळा त्या आल्या, खांद्याला हात लावून गेल्या. मी निघताना म्हणाल्या, "थोडा वेळ ओट्यावर बसा, मग जा. आणि आज धाप लागली, छातीत दुखलं, तर मला फोन करत बसायचं नाही. सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे सांगायचं, सुया लावल्यात म्हणून. लाजायचं नाही."

त्या दिवशी संध्याकाळभर मी स्वतःचा श्वास ऐकत बसले. काही झालं नाही. झोप मात्र लागली.

एकदा हातून काय झालं होतं, ती गोष्ट आपांनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितली. होमिओपॅथीचं शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबईत ॲक्युपंक्चरचा कोर्स केला होता आणि तिथेच एका दवाखान्यात त्या काम करत होत्या. शिवणकाम करणारी एक मुलगी मान धरली म्हणून आली. अगदी किडकिडीत. आपांनी खांद्याच्या उंचवट्यावर सुई लावली. मुलगी हसत घरी गेली. घराचा जिना चढताना तिला धाप लागली. ती पायरीवर बसली. थकवा असेल, उन्हातून आलेय म्हणून असेल, असं म्हणत बसूनच राहिली. शेजाऱ्यांनी उचललं तेव्हा तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

"वाचली," आपा म्हणाल्या. "छातीत नळी घालावी लागली. मी रोज जायचे. ती माझ्याशी बोलायची नाही. घरचे शिव्या द्यायचे, त्याचं मला काही वाटलं नाही, त्यांचा हक्कच होता. मग एक दिवस ती बोलली. म्हणाली, असं होऊ शकतं हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी जिन्यावर कशाला बसले असते?"

आपा चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या.

"सुई खोल गेली ही चूक होतीच, बाई. पण ती जिन्यावर बसून राहिली, ते मी बोलले नाही म्हणून. तेव्हापासून मी आधी बोलते."

मुरूडमध्ये त्यांच्या या बोलण्याला कितीतरी लोक वैतागलेले होते. आलेल्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे पळून जायचे, त्यातले काही परत येत नसत. उर्दूच्या मॅडम म्हणायच्या, "आपा, थोडं कमी सांगत जा, लोक घाबरतात." आपा म्हणायच्या, "घाबरू देत."

जेवलेलं नसेल तर त्या खाटेवर चढू द्यायच्या नाहीत. उपाशीपोटी सुई लावली की चक्कर येते, म्हणून. रमजानमध्ये रोजा धरलेल्यांना दिवसा हात लावत नसत, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. मी एकदा एकादशीला गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय खाल्लं?"

"उपास आहे. चहा घेतलाय."

"मग घरी जा."

"आपा, देवाचा उपास आहे."

"देवाला चालेल. मला नाही चालणार."

शेवटी त्यांच्याच वाडीतलं केळं आणि मूठभर शेंगदाणे खायला लावले, अर्धा तास ओट्यावर बसवलं आणि मगच आत घेतलं. असं का, ते मला पुढच्याच आठवड्यात दिसलं. कॉलेजात जाणारा एक दांडगा मुलगा पाठ धरली म्हणून आला होता. "जेवलोय," म्हणून खोटं बोलला. दुसरी सुई लावल्याबरोबर पांढराफटक पडला, घामाने न्हाला, डोळे फिरवले. पडद्याच्या अलीकडून मी बघत होते. आपांनी भराभर सुया काढल्या, मोजल्या, त्याचे पाय उशीवर चढवले, ओले हात त्याच्या तोंडावरून फिरवले. तो शुद्धीवर आल्यावर त्याला म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर आईशी बोल. माझ्याशी नको." तो रडायलाच लागला. त्याला त्यांनी चहा करून दिला आणि घरापर्यंत सोडायला गेल्या.

पण आपांचं नाव कोळीवाड्यात झालं ते पांडूदादामुळे.

पांडूदादा हा बोटीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, पन्नाशीचा, दाराच्या चौकटीत मावायचा नाही असा. एका सकाळी मी नंबर लावून बसले होते, तेव्हा तो डावा खांदा चोळत आत आला. मागे बायको.

"आपा, खांदा दुकतंय. जालं वडताना लचकला आसंल. सुया लाव आनि मना मोकला कर. बोट सुटाची हाय."

आपा त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पंखा तर डोक्यावर फिरत होता.

"जबडा दुखतोय?"

"जरा."

"ओकारीसारखं?"

"सकालपासना. वडा खाल्लेला, पित्त झाला."

"पांडूदादा, मी सुई लावणार नाही. दवाखान्यात चल."

तो चिडला. त्याचा आवाज रस्त्यावर जाईल इतका चढला. "गावातल्या समद्यांना लावतस, मनाच न्हाय? मना काय झाला न्हाय, खांदा हाय खांदा!" बायको त्याला गप्प करत होती. आपा ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याचं मनगट धरलं, ते सोडलंच नाही, आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली. मी धावत जाऊन नाक्यावरची रिक्षा आणली. रिक्षात चढेपर्यंत तो भांडत होता. चढल्यावर एकदम गप्प झाला. ते गप्प होणं मला अजून आठवतं. इतका मोठा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत एखाद्या लहान पोरासारखी भीती उतरली होती. त्याने आपांचा हात दोन्ही हातांत धरला.

सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. हार्ट अटॅक होता. तिथून ॲम्ब्युलन्सने अलिबागला न्यायचं ठरलं. आपा बरोबर गेल्या. दवाखान्याला कुलूप लावायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते मी लावलं आणि बाकीच्या पेशंटना घरी पाठवलं.

पांडूदादा वाचला. आणि बरा होऊन आल्यावर त्याने कोळीवाडाभर सांगायला सुरुवात केली की आपाच्या हातात जादू आहे, नुसतं मनगट धरून तिने हृदय चालू ठेवलं. हे कानावर आलं तेव्हा आपा किती संतापल्या! बाजारात मासळीच्या पाट्या लागलेल्या असताना, सगळ्या बायकांसमोर त्यांनी त्याला गाठलं.

"काय सांगत फिरतोस तू? मी काही केलं नाही. मी सुई लावली नाही, एवढंच केलं. उद्या तुझ्यासारखाच कुणी छाती धरून माझ्या दारात येऊन बसेल, दवाखाना सोडून. तो मेला तर?"

पांडूदादा खाली मान घालून उभा. मग हळूच म्हणाला, "बरा. न्हाय सांगत." मासेवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आपा मात्र घरी येईपर्यंत थरथरत होत्या. मला तेव्हा वाटलं, रागाने. आता वाटतं, त्यांना जिन्यावर बसलेली ती मुलगी दिसत असणार.

माझा खांदा पुढे सुटला. सुयांनी किती आणि व्यायामाने किती, हे मी कधी सांगू शकले नाही आणि आपांनीही कधी श्रेय घेतलं नाही. पण माझं जाणं सुटलं नाही. कधी मान धरायची, कधी नुसती गप्पा मारायला जायचे. वडील वारल्यानंतर आपा एकट्याच राहत होत्या. लग्न केलेलं नव्हतं. धाकटी बहीण खाडीपलीकडे, दिघीच्या पुढच्या गावात. आपांना स्वयंपाक अजिबात यायचा नाही. मासळीचं कालवण दर वेळी तळाला लागायचं आणि त्या ते दर वेळी मला खायला घालायच्या. बोलता बोलता तळवे एकमेकांवर चोळायची सवय त्यांना जडली होती. समोर पेशंट नसतानाही.

एका मार्चमध्ये पेपर तपासून तपासून माझी मान धरली. दुपारी गेले. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मी कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले. घंटी हातात. मानेला सुया लागल्या, मग खांद्याच्या उंचवट्यावर एक. ती लावताना काहीतरी निराळं झालं. सुई टोचली, निघाली, पुन्हा टोचली. आपांच्या हातून कधीच दोनदा टोचलं जात नसे. त्या आकडा म्हणाल्या नाहीत.

"जरा थांबा," एवढंच म्हणाल्या. आणि गेल्या.

आतल्या खोलीत स्टीलचा ट्रे पडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत.

मी थोडा वेळ वाट पाहिली. घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. बाहेर झावळ्या सळसळत होत्या आणि रस्त्यावरून कुणीतरी मोटरसायकलवरून गेलं. मी हाक मारली, "आपा?" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मला हलता येत नव्हतं. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्या खांद्यावरच्या सुईच्या जागी काहीतरी होतंय असं वाटू लागलं आणि मग तर दुसरं काही सुचेना. मी मोठा श्वास घेतला. दुखलं का? दुखलं बहुतेक. आणखी घेतला. श्वास पुरत नाहीये असं वाटलं. भिंतीवर रंगाचा पोपडा सुटला होता, त्याच्यावर नजर लावून मी देवाचं नाव घेत घंटी वाजवत राहिले. आपा आत पडल्या असतील. मी इथे अशीच पडून राहणार. संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही.

मग पावलं वाजली. त्या आल्या. "मी आहे," म्हणाल्या. पण सुया काढायला त्यांना फार वेळ लागला. सगळ्या काढल्यावर मी वळून पाहिलं. शेवटची सुई त्यांच्या डाव्या हातात होती. उजवा हात ओढणीखाली होता. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"श्वास घ्या. दुखतंय?"

"माहीत नाही."

"चला."

त्या मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं, "खांद्याला सुई लावताना माझा हात हलला. फोटो काढा." एक्स-रे निघेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

"बरेच दिवस कापतोय," त्या म्हणाल्या. "नुसतं बसलेलं असताना. काम करताना कधी नाही. म्हणून म्हटलं, चालेल. आज आत सुई असताना कापला, बाई."

फोटो स्वच्छ होता. मला काहीही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर आपांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाही सुई लावली नाही.

प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन त्यांनी हे स्वतः सांगितलं. लोक गयावया करायचे. एक म्हातारी म्हणाली, "हात कापतो तर पायाला लावा ना. पायात कुठलं आलंय फुप्फुस!" त्या काळात आपांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच. सुयांची उरलेली पाकिटं त्यांनी पनवेलच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना देऊन टाकली. पण स्वतःचा हात दाखवायला त्या कुठेच गेल्या नाहीत. मी विचारलं की "जाईन" म्हणायच्या. आठवडे गेले. लोकांना आजच्या आज दवाखान्यात घालवणारी बाई, स्वतः मात्र दार लावून घरात बसली. मी फार बोलू शकले नाही. त्यांना दटावायची मला सवयच नव्हती.

शेवटी बोलला तो पांडूदादा. मी तिथेच होते. तो सुरमईची तुकडी घेऊन आला आणि ओट्यावर बसला.

"आपा, त्या दिशी मी नको नको म्हनत व्हतो, तरी उचलून नेलास मना. आता तू कनाला घरान बसलीस?"

आपांनी उजवा हात ओढणीखाली घेतला.

"सांग ना."

"घाबरतेय, पांडूदादा."

"मी पन घाबरलू व्हतो. तवा तू ऐकलास माजा?"

आपा उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला रजा मिळेल का?"

आम्ही मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं. अक्षरं पुढे पुढे बारीक होत गेली, ती मीही पाहिली. कंपवात. डॉक्टर चांगले होते. गोळ्या आहेत, पुष्कळ वर्षं नीट काढता येतात, म्हणाले. आपांनी एकही प्रश्न विचारला नाही. जी बाई पेशंटला प्रश्नांनी भंडावून सोडायची, ती नुसती मान हलवत होती.

परतीच्या बोटीत वारा खूप होता. आपा माझ्या शेजारी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "वाईट सगळं मला माहीत आहे. आता तुम्ही चांगलं सांगा."

मी शाळेतली बाई, तास तासभर बोलणारी. मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि तो कापत होता तसाच कापू दिला. मांडवा येईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

वर्षभर त्यांनी एकटीने रेटलं. मग एकदा न्हाणीघरात पडल्या, आणि बहिणीने काही ऐकून न घेता त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. वाडी भाच्याच्या नावावर झाली, खाटा मदरशाला गेल्या. निघायच्या सकाळी मी आणि पांडूदादा त्यांना आगरदांड्याच्या जेट्टीवर सोडायला गेलो. भाची न्यायला आली होती. पांडूदादाने बॅगा बोटीवर चढवल्या आणि लगेच उतरून लांब जाऊन उभा राहिला. त्याला निरोप घ्यायला जमत नव्हतं.

आपांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वर करून दाखवा."

मी हात सरळ कानाला लावून दाखवला.

"व्यायाम सोडू नका," त्या म्हणाल्या. आणि मग खालच्या आवाजात, भाचीला ऐकू जाणार नाही असं, "फार भीती वाटते, बाई. गिळता येईनासं होतं म्हणे शेवटी."

मी म्हणाले, "मी येत जाईन."

आणि मी गेले नाही असं नाही, पण कमीच. शाळा, घर, पावसात बंद पडणारी फेरीबोट. फोनवर बोलणं व्हायचं. त्यांचा आवाज दर वेळी बारीक ऐकू यायचा, मग भाचीच त्यांच्या वतीने बोलायला लागली. न्यूमोनियाचं निमित्त झालं, आपा गेल्या. ऐन पावसाळा होता, बोट बंद होती. रस्त्याने वळसा घालून मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चेहरा दिसला नाही.

म्हणून माझ्यापाशी आहे ती जेट्टीवरचीच सकाळ. बोटीवर नारळाचा एक टेम्पो चढला, चार-दोन मोटरसायकली चढल्या. भाची त्यांना आत बाकावर बसा म्हणत होती. त्यांनी नाही म्हटलं आणि त्या पुढच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. साखळ्या खडखडल्या, फळी उचलली गेली, बोट पाण्यात सरकली. मला वाटलं, त्या एकदा वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. त्या पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून ताठ उभ्या होत्या. वाऱ्याने ओढणी पुन्हा पुन्हा तोंडावर येत होती, आणि ती बाजूला करायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी कठडा धरला होता.